हेडसेट एक, मुलं चार: व्हीआरच्या तासाला एकत्र शिकणं कसं घडतं

डोळ्यांवर व्हीआरचा, म्हणजे आभासी वास्तवाचा, हेडसेट चढवला की सगळ्यात आधी शेजारी बसलेली मैत्रीण दिसेनाशी होते. वर्ग जातो, फळा जातो, बाईही जातात. समोर समुद्राचा तळ असतो, नाहीतर मंगळाची जमीन. शाळेची मोठी ताकद म्हणजे एका वयाची तीस-चाळीस मुलं तिथं एका खोलीत असतात, आणि हे यंत्र नेमकं त्याच मुलांना एकमेकांपासून तोडतं. मग ते वर्गात आणायचं तरी कशाला?

तरीही गेली जवळपास तीस वर्षं काही संशोधक आणि शिक्षक व्हीआर वापरून मुलांना एकत्र शिकवण्याचे प्रयोग करत आहेत, आणि त्यातले काही फार विचारपूर्वक रचलेले आहेत. ते वाचताना माझं एक मत पक्कं होत गेलं. तास जमतो की फसतो हे ठरतं कामाच्या वाटणीवर. कुणाला काय दिसतं, कुणाला काय दिसत नाही, आणि ते कळण्यासाठी कुणाला कुणाशी बोलावंच लागतं, हे आधी नीट ठरवलेलं असेल तर एका हेडसेटवरही चार मुलं जीव ओतून शिकतात. ते ठरवलेलं नसेल तर चार हेडसेट देऊनही चार मुलं एकेकटीच राहतात.

यंत्र आत काय करतं

हेडसेटमध्ये दोन्ही डोळ्यांसाठी दोन वेगळी चित्रं असतात. दोन्ही चित्रांत किंचित फरक असतो, जसा आपल्या दोन डोळ्यांना दिसणाऱ्या दृश्यांत असतो, आणि त्या फरकातून मेंदू खोली ओळखतो. पण हे त्रिमिती सिनेमातही होतं. व्हीआरची खरी करामत पुढची आहे. मान वळवली की हेडसेटमधले सेन्सर ते टिपतात आणि चित्र त्या दिशेनं लगेच बदलतं. लगेच म्हणजे किती? मान हलणं आणि चित्र बदलणं यांत साधारण २० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ जायला हवा, असं या क्षेत्रातले लोक धरून चालतात. त्याहून उशीर झाला तर मेंदूला फसवणूक कळते आणि पोट ढवळायला लागतं. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर घालायचा असा पहिला पडदा हार्वर्डमध्ये बनवला तेव्हा तो इतका जड होता की छताला टांगावा लागला. कल्पना मात्र तीच होती आणि आजही तीच आहे.

शाळेसाठी इथं एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही साधनांत फक्त मान वळवता येते. पुठ्ठ्याच्या डबीत फोन घालून पाहायचं गूगल कार्डबोर्ड २०१४ मध्ये आलं, ते या प्रकारचं. जागेवर बसून चारी बाजूंना पाहायचं, बस. दुसऱ्या प्रकारात वाकलं, पुढे पाऊल टाकलं, हात लांब केला की ते सगळं त्या जगातही घडतं. पहिल्या प्रकारात मूल प्रेक्षक असतं, दुसऱ्यात ते काहीतरी उचलू, हलवू, बांधू शकतं. गटानं काम करायचं असेल तर हा फरक फार मोठा ठरतो.

आता दोन मुलं दोन हेडसेट घालून ‘एकाच’ आभासी खोलीत उभी आहेत असं आपण म्हणतो, तेव्हा नक्की काय होतं? बऱ्याच ॲपमध्ये त्यांच्यात चित्रांची देवाणघेवाण होतच नाही. त्या खोलीची अख्खी प्रत प्रत्येक हेडसेटमध्ये असते. वाय-फायवरून फिरतात ते आकडे: डोकं कुठे आहे, कोणत्या दिशेला वळलंय, हात कुठे आहेत, कोणी कोणती वस्तू उचलली. सोबत आवाज. या आकड्यांवरून माझा हेडसेट तुझा अवतार, म्हणजे त्या जगातली तुझी आकृती, काढतो आणि तुझा हेडसेट माझा. बऱ्याच ॲपमध्ये अवतारांना डोकं आणि हात असतात पण पाय नसतात, ते यामुळेच. पाय कुठे आहेत ते सेन्सरला ठाऊकच नसतं.

म्हणजे समोरचा माणूस आपल्यापर्यंत येतो तो फार थोड्या खुणांनिशी. त्याच्या कपाळावरची आठी, ओठ चावणं, ‘मला नाही कळलं’ हे सांगणारी नजर, यातलं बहुतेक काही साध्या हेडसेटमधून पोचत नाही. आणि वर्गात एकमेकांकडून शिकणं बरंचसं याच खुणांवर चालतं. एक साधी गोष्ट घ्या, बोट दाखवणं. ‘हे बघ’ म्हणून मी बोट दाखवलं तर समोरच्याला माझं बोटही दिसायला हवं आणि मी दाखवलेली वस्तूही. आपली दोन डोळ्यांची आडवी नजर सुमारे २०० अंशांपर्यंत पसरलेली असते. बहुतेक हेडसेटमधून त्याच्या निम्मी किंवा जरा जास्त दिसते. त्यामुळे बोटाकडे पाहिलं तर वस्तू निसटते, वस्तूकडे पाहिलं तर बोट. ही अडचण ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९९०च्या दशकातच नोंदवली होती, तीही साध्या संगणकाच्या पडद्यावरच्या सामाईक जगात. माणसं मग तोंडानं भरपाई करतात: ‘तू आत्ता कुठे बघतोयस?’, ‘त्या लाल खांबाच्या मागे’, ‘माझ्या डावीकडे, तुझ्या नव्हे’.

मला ही अडचण शिक्षकासाठी देणगी वाटते. जे एरवी नुसत्या बोटानं भागलं असतं ते इथं शब्दांत मांडावं लागतं, आणि शब्दांत मांडताना मुलाला स्वतःलाच ते नीट कळतं.

लघुग्रहावरचा अंतराळवीर

पृथ्वी गोल आहे हे मुलं पाठ म्हणून दाखवतात. पण १९९२ मध्ये स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी लहान मुलांना खोदून खोदून प्रश्न विचारले तेव्हा बऱ्याच मुलांच्या मनात भलतंच चित्र निघालं. कुणाची पृथ्वी थाळीसारखी गोल होती. कुणी म्हणालं, पृथ्वी पोकळ गोळा आहे आणि आपण त्याच्या आत सपाट जमिनीवर राहतो. कुणाच्या मनात चक्क दोन पृथ्व्या होत्या, एक आपण राहतो ती सपाट आणि एक आकाशातली गोल. यात मुलांचा काही दोष नाही. डोळ्यांना जमीन सपाट दिसते, मोठी माणसं गोल म्हणतात, आणि मूल दोन्ही खरं मानून त्यांचा मेळ घालू पाहतं.

शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या अँड्र्यू जॉन्सन, टॉम मोहर, स्टेलन ओल्सन आणि सहकाऱ्यांनी यावर जो प्रयोग केला तो गटकामाचा वस्तुपाठ आहे असं मी म्हणेन. याच विद्यापीठात १९९२ मध्ये ‘केव्ह’ नावाची खोली तयार झाली होती. तिच्या भिंतींवर त्रिमिती चित्रं पडतात आणि खास चष्मा घालून आत उभं राहिलं की माणूस त्या जगाच्या मधोमध असतो. जॉन्सन यांच्या गटानं मुलांना थेट पृथ्वीवर नेलं नाही. त्यांनी एक इवलासा लघुग्रह बनवला, इतका लहान की त्याचा गोलपणा चालता चालता जाणवावा. दोन मुलांची जोडी. एक अंतराळवीर, तो केव्हमध्ये लघुग्रहाच्या पृष्ठभागावर फिरतो आणि इंधनाच्या कुप्या गोळा करतो. दुसरा नियंत्रण कक्षात, वेगळ्या पडद्यासमोर. त्याला अख्खा लघुग्रह बाहेरून, गोळ्यासारखा दिसतो आणि त्यावर आपला मित्र कुठे आहे तेही दिसतं.

आता गंमत पाहा. अंतराळवीराला कुपी दिसत नाही, कारण ती क्षितिजाच्या पलीकडे आहे. नियंत्रकाला ती दिसते, पण त्याला हलता येत नाही. नियंत्रक म्हणतो, ‘सरळ जा.’ अंतराळवीर म्हणतो, ‘इथं तर काहीच नाही.’ मग क्षितिजावर आधी वस्तूचं टोक उगवतं आणि हळूहळू खालचा भाग. नियंत्रकाच्या पडद्यावर मित्र गोळ्याच्या खालच्या बाजूला उलटा लटकलेला दिसतो, पण मित्राला विचारावं तर तो म्हणतो, मी सरळच उभा आहे, आकाश माझ्या डोक्यावर आहे! सरळ चालत राहिलं तर निघालो तिथंच परत येतो. ‘सपाट दिसणं’ आणि ‘गोल असणं’ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे इथं कुणी सांगत नाही. ते दोन मुलांच्या संभाषणात सापडतं, कारण प्रत्येकाकडे सत्याचा अर्धाच तुकडा आहे. नंतर दोघं जागा बदलतात.

आणि प्रयोग तिथं संपत नव्हता. बाहेर आल्यावर, लघुग्रहावर जे दिसलं ते पृथ्वीला कसं लागू होतं यावर मुलांशी बसून बोलणं हाही ठरवून ठेवलेला भाग होता. लघुग्रहावरून पृथ्वीकडे मुलं आपोआप उडी मारतील असं कुणी गृहीत धरलं नव्हतं. आजच्या कितीतरी व्हीआर तासांत हाच भाग गाळला जातो. हेडसेट उतरतात, घंटा होते आणि मुलं ‘भारी होतं’ म्हणत निघून जातात.

त्याच विद्यापीठात याआधी ‘नाइस’ नावाचा प्रकल्प झाला होता. आभासी बेटावर मुलांनी मिळून बाग लावायची, रोपांना पाणी-ऊन किती लागतं ते पाहायचं. मुलांना बाग आवडली. पण दिशा ठरवणारं उपकरण गटात एकाच मुलाच्या हातात असे, आणि ज्याच्या हातात सूत्रं त्याचाच रस टिके. बाकीची मुलं पाहत बसत आणि मग कंटाळत. एकाच केंद्राची दोन कामं, आणि दोन्हींतला फरक यंत्राचा नव्हता. एकात दुसऱ्या मुलावाचून काम अडत होतं, दुसऱ्यात अडत नव्हतं.

हे तत्त्व व्हीआरपेक्षा जुनं आहे

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात वेगवेगळ्या वंशांची मुलं पहिल्यांदा एका वर्गात आली होती आणि वर्गांत तणाव होता. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी एक साधा उपाय केला. धड्याचे तुकडे पाडले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. पूर्ण धडा कळायचा तर प्रत्येकानं इतरांचं ऐकावंच लागे. ज्या मुलाला काल कुणी विचारत नव्हतं, त्याच्याकडे आज असा तुकडा होता की त्याच्याशिवाय कुणाचंच भागत नव्हतं. डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी गटाने शिकण्यावर आयुष्यभर काम केलं. त्यांनीही याच गोष्टीला पहिलं स्थान दिलं: यश मिळेल तर सगळ्यांना मिळून. त्याच्या जोडीला दुसरी अट, प्रत्येकाला आपापला हिशेब द्यावा लागेल.

व्हीआर या तत्त्वात एक मोलाची भर घालतं. कागदावर माहितीचे तुकडे वाटता येतात, व्हीआरमध्ये दृष्टिकोन वाटता येतो, अगदी शब्दशः. एकाला आतून, दुसऱ्याला बाहेरून. एकाला रेणूच्या आकाराचं होऊन, दुसऱ्याला सूक्ष्मदर्शकातून. हार्वर्डच्या ‘इकोम्यूव्ह’ या प्रकल्पात मुलं आभासी तळ्याकाठी जातात आणि एके दिवशी तळ्यातले मासे मेलेले दिसतात. गटात कुणी पाण्याचं रसायन तपासणारा, कुणी जीवजंतू पाहणारा, कुणी निसर्गनिरीक्षक, कुणी आसपासच्या लोकांकडून माहिती काढणारा. खत पाण्यात वाहून गेलं, शेवाळ माजलं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपला, ही साखळी एकट्या कुणाच्याच नोंदवहीत पूर्ण नसते. विशेष म्हणजे हे सगळं साध्या संगणकावर चालतं, हेडसेट लागतच नाही. ज्या शाळेकडे हेडसेट नाहीत तिनं निराश होण्याचं कारण नाही, ते यासाठीच.

एक तास जवळून पाहू

विषय घेऊ चंद्राच्या कला. हा निवडायचं कारण असं की मोठ्या माणसांतही पुष्कळांना वाटतं, पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कमी-जास्त दिसतो. सावली पडते ती फक्त ग्रहणात. रोजच्या कलांचा तिच्याशी संबंध नाही.

चार जणांचा गट, एक हेडसेट. निरीक्षक हेडसेट घालून आभासी पृथ्वीवर, उत्तर गोलार्धात, दक्षिणेकडे तोंड करून उभा. वेळ सूर्यास्ताची. वाटाड्याकडे कागदावर सूर्य, पृथ्वी आणि चंद्राच्या कक्षेचं वरून दिसणारं चित्र, पण चंद्र कक्षेत नक्की कुठे आहे ते त्यावर नाही. ते शोधणं हेच काम. लेखनिक नोंदी ठेवतो. चौथा शंकासुर: त्याला उत्तर सांगायची मनाई, त्यानं फक्त ‘कशावरून?’ विचारायचं किंवा मुद्दाम चुकीची बाजू घ्यायची.

‘चंद्र कुठे आहे?’

‘समोर. बराच वर.’

‘आणि सूर्य?’

‘उजव्या हाताला, मावळायला टेकलाय.’

‘चंद्र किती उजळलाय?’

‘अर्धा. उजवा अर्धा.’

शंकासुर मध्ये तोंड घालतो: ‘उरलेल्या अर्ध्यावर पृथ्वीची सावली पडली असणार.’

थोडी शांतता. मग निरीक्षक मान डावीकडे वळवतो. ‘सूर्य उजवीकडे आहे ना? मग पृथ्वीची सावली डावीकडे जाईल, पूर्वेला. चंद्र तर तिकडे नाहीच. तो समोर आहे.’

वाटाड्या कागदावर सावलीची रेघ ओढतो, आणि चंद्र कक्षेत कुठे असायला हवा ते त्याला दिसतं: सूर्याशी काटकोन करून. चौघांनी मिळून एक चुकीची समजूत मोडली. ती मोडायला लागलेला पुरावा निम्मा हेडसेटमध्ये होता, निम्मा कागदावर. मग वेळ पुढे सरकवायची, पौर्णिमेच्या संध्याकाळी चंद्र कुठे उगवतो ते आधी कागदावर सांगायचं आणि मग पाहून पडताळायचं. पाच मिनिटांनी हेडसेट दुसऱ्याच्या डोक्यावर.

चाळीस मुलांच्या वर्गाला या हिशेबानं दहा हेडसेट पुरतात, आणि एका मुलाच्या डोळ्यांवर ते पाचच मिनिटं असतात. तासाचा उरलेला वेळ कागद, बोलणं आणि वाद यांत जातो. बाई या वेळात गटागटांतून फिरत ऐकतात. एखाद्या गटात फक्त निरीक्षकच बोलत असेल तर त्या वाटाड्याला एक प्रश्न देऊन पुढे जातात.

इथं एक सवय मोडावी लागते. बहुतेक वर्गांत हेडसेटमधलं चित्र मोठ्या पडद्यावर दाखवतात, बाकीची मुलं कंटाळू नयेत म्हणून. हेतू चांगला आहे. पण सगळ्यांना सगळं दिसलं की निरीक्षकाला विचारण्यासारखं काही उरत नाही आणि संभाषण मरतं. ते चित्र बाईंच्या टॅबलेटवर असावं, सुरक्षेसाठी आणि मुलं कुठे अडली ते कळण्यासाठी. वर्गाच्या पडद्यावर ते शेवटी, चर्चेच्या वेळी आणावं.

शिकणं वाढतं का?

व्हीआरनं मुलांचा उत्साह वाढतो याबद्दल फारसा वाद नाही. शिकण्याबद्दल मात्र सावध राहायला हवं. गिडो मक्रान्स्की, थॉमस टेर्किल्डसेन आणि रिचर्ड मेयर यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यापीठातल्या ५२ विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेचा एक आभासी पाठ केला, कधी साध्या पडद्यावर, कधी हेडसेटमध्ये. हेडसेटमध्ये ‘आपण तिथं आहोत’ ही भावना जास्त होती, पण शिकणं कमी झालं, आणि मेंदूच्या विद्युतलहरींच्या नोंदीत डोक्यावरचा ताण जास्त दिसला. दृश्याची चमकधमक पाहण्यात लक्ष खर्च झालं की समजून घ्यायला कमी उरतं.

त्याआधी २०१८ मध्ये जोसेलिन पॅरॉन्ग आणि मेयर यांनी शरीरशास्त्राचा एक पाठ व्हीआरमधून आणि साध्या स्लाइडमधून देऊन पाहिला. व्हीआरवाल्यांना मजा जास्त आली, गुण स्लाइडवाल्यांना जास्त मिळाले. पण दुसऱ्या टप्प्यात त्यांनी व्हीआरचा पाठ तुकड्यांत दिला आणि प्रत्येक तुकड्यानंतर काय पाहिलं ते लिहून काढायला सांगितलं, तेव्हा नुसता पाठ पाहणाऱ्यांपेक्षा या विद्यार्थ्यांचं शिकणं सुधारलं.

हे दोन्ही अभ्यास एकेकट्या शिकणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्यांवरचे आहेत, त्यामुळे शाळेच्या गटांना ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. मला त्यांत दिसतं ते एवढंच: थांबून, आपल्या शब्दांत मांडलं की व्हीआरमधलं पाहणं पचतं. आणि चंद्राच्या तासातला लेखनिक ‘थांब, पुन्हा सांग, कोणती बाजू?’ म्हणतो तेव्हा तो हेच काम करून घेत असतो, तेही कुणी सक्ती न करता.

व्हीआर कधी वापरावं याचा एक चांगला निकष स्टॅनफर्ड विद्यापीठातले व्हीआर-संशोधक जेरेमी बेलेन्सन देतात. जे खऱ्या जगात धोक्याचं आहे, अशक्य आहे, केल्यानं नुकसान होतं किंवा फार खर्चिक आहे, त्यासाठी ते वापरावं. लघुग्रहावर चालणं अशक्य आहे, तिथं व्हीआर शोभतं. शाळेमागच्या झाडाची पानं पाहायला मुलांना झाडाकडेच न्यावं.

डोळे, पोट आणि खाजगीपणा

हे तपशील उत्साहाच्या भरात मागे पडतात, म्हणून ठासून सांगतो. हेडसेटमध्ये जवळची वस्तू पाहताना डोळे आत वळतात, पण भिंगांमुळे नजर स्थिरावते ती ठरावीक अंतरावरच. एरवी या दोन क्रिया जोडीनं चालतात. इथं त्यांची फारकत होते आणि डोळे शिणतात. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर हा दुसरा प्रश्न. उदाहरणार्थ, मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये भिंगं ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागांवर बसतात, आणि लहान मुलांचं अंतर याहून कमी असू शकतं. मग चित्र धूसर दिसतं, डोकं दुखतं, आणि मूल भीतीनं काही बोलत नाही. मेटानं आपल्या हेडसेटसाठी वयाची अट २०२३ मध्ये १३ वरून १० वर आणली, तीही पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यानं. त्याहून लहान मुलांसाठी पडद्यावरचं सामाईक जग हाच बरा मार्ग आहे.

मळमळ होते ती बहुतेकदा शरीर स्थिर असताना चित्र पुढे सरकल्यामुळे. म्हणून बसून पाहावं, आणि सरकत जाण्याऐवजी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी थेट पोचवणारी ॲप निवडावीत. आणि तरीही वर्गात एखाद्याला त्रास होईलच. एखाद्याला एकाच डोळ्यानं नीट दिसत असेल, एखादीच्या श्रवणयंत्रावर पट्टा दाबत असेल, एखाद्याला डोळे झाकले जाण्याचीच भीती वाटत असेल. वाटाड्याची किंवा नियंत्रकाची भूमिका निरीक्षकाइतकीच वजनदार ठेवली असेल तर या मुलांना बाजूला बसावं लागत नाही. वाटणीच्या तत्त्वाचा मला हा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

खाजगीपणाची गोष्ट अनेकांना चकित करते. बेलेन्सन यांनी २०१८ मध्ये लिहिलं होतं की व्हीआरमधल्या २० मिनिटांत देहबोलीच्या जवळपास २० लाख नोंदी तयार होतात. त्यांच्या प्रयोगशाळेतून २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात तर ५११ जणांपैकी कोण कोणता, हे नुसत्या डोक्या-हातांच्या हालचालींवरून, प्रत्येकाच्या पाच मिनिटांहून कमी नोंदींतून, ९५ टक्के अचूक ओळखता आलं. नाव काढून टाकलं म्हणजे माहिती निनावी झाली, हे इथं खरं नाही. त्यामुळे हालचालींची नोंद कुठे साठते, किती दिवस राहते, आणि मुलांच्या नावाऐवजी शाळेचं एकच सामाईक खातं चालेल का, हे प्रश्न शाळेनं हेडसेट घेण्याआधी लेखी विचारावेत.

ॲप जातात, आखणी उरते

गूगल एक्सपिडिशन्स हे वर्गासाठीच बनवलेलं ॲप होतं. शिक्षक वाट दाखवणार, मुलं आभासी सहलीला जाणार. ३० जून २०२१ ला ते बंद झालं. मोझिला हब्ज ब्राउझरमध्ये उघडे, कुठलंही ॲप न उतरवता वर्गाला सामाईक खोली देई. मोझिलानं ३१ मे २०२४ ला आपली सेवा थांबवली, पुढे ते मुक्त स्रोताच्या रूपात, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येईल असं, स्वयंसेवकांनी चालू ठेवलं. शिक्षकांनी यांवर मेहनतीनं बसवलेले तास एका दिवसात अडचणीत आले.

म्हणून पाठ आखताना ॲपचं नाव सगळ्यात शेवटी लिहावं. आधी लिहावं की मुलांच्या डोक्यातली कोणती चुकीची समजूत मोडायची आहे. मग ती मोडायला कोणते दोन किंवा तीन दृष्टिकोन लागतात. मग प्रत्येक दृष्टिकोन कोणाला द्यायचा आणि जागा कधी बदलायच्या. एवढं कागदावर असेल तर उद्या हेडसेट बिघडला तरी एक टॉर्च, एक चेंडू आणि अंधारी खोली घेऊन चंद्राचा तास चालतो. निरीक्षकाला थोडं कमी भव्य दिसेल, इतकंच.

तपासणीही त्याच धाटणीची हवी. गटाला गटाचे गुण देऊन थांबू नये. आठवड्यानं प्रत्येक मुलाला एकेकट्यानं एक कोरा कागद द्यावा आणि तो तासाला जी भूमिका करत नव्हता तिच्या जागेवरून चित्र काढायला सांगावं. निरीक्षकानं वरून दिसणारी कक्षा काढायची, वाटाड्यानं जमिनीवरून दिसणारा चंद्र. ज्या गटात मुलं खरोखर एकमेकांशी बोलली होती, त्या गटातले कागद ताबडतोब ओळखू येतात.